अजिंठ्याचा तुकडा आणि माळ्यावरचा कामठा

गेल्या जानेवारीत शाळेची सहल अजिंठ्याला नेली होती. जळगावकरांना अजिंठा म्हणजे घरचंच ठिकाण. जिल्हा दुसरा असला तरी लेणी आमच्यापासून साठेक किलोमीटरवर, आणि आगगाडीने येणारा निम्मा पाहुणा आमच्याच स्टेशनावर उतरतो. नववीची मुलं-मुली, आम्ही चार शिक्षक, डब्यात पुरी-भाजी. फर्दापूरच्या फाट्यावर गाड्या बदलून आम्ही वर गेलो.

सोळा नंबरच्या लेणीत अंधुक उजेडात मुलं भिंतीकडे बघत होती. रंग चालत चालत येतो आणि मध्येच संपतो. पुढे नुसता मातीचा गिलावा. गाइड म्हणाले, "काही आपोआप गळालं, काही साहेब लोकांनी काढून नेलं. एक तुकडा अमेरिकेत आहे." मुलं पुढे सरकली. एक मुलगी मात्र तिथेच थांबली. तिने मला विचारलं, "सर, वाघनखं आणली ना लंडनहून? मग हा तुकडा का नाही आणत?"

मी तिला "बघू, सांगतो" असं म्हणालो. शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो असंच म्हणतो. पण त्या प्रश्नाने मला पुढचे सहा महिने कामाला लावलं, आणि शेवटी माझ्याच घरातल्या माळ्यावर आणून सोडलं. ती सगळी हकीकत इथे लिहितो आहे.

तुकडा गेला कसा?

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या नादात वाघूर नदीच्या त्या दरीत आला आणि त्याला लेणी दिसली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. दहा नंबरच्या लेणीत खांबावरच्या चित्रावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. म्हणजे 'शोध' लागला त्याच दिवशी पहिलं नुकसानही झालं. स्थानिक लोकांना लेणी आधीपासून माहीत होती, तो भाग वेगळा.

त्यानंतर इंग्रज अधिकारी येत राहिले. १८२८ साली डॉ. जेम्स बर्ड नावाचे गृहस्थ आले. त्यांना अभ्यासाची आवड होती, म्हणून त्यांनी भिंतीवरच्या आकृती सोलून काढायचा प्रयत्न केला. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा तो गिलावा माती, भुसा, तूस आणि चुन्याच्या पातळ थराचा. तो हातात टिकतो कुठला? त्याचा भुगा झाला. पुढे आलेल्या पाहुण्यांना खूश करायला तिथले राखणदारही चित्रातली डोकी काढून भेट देत असत, अशा तक्रारी त्या काळच्या लेखनात आहेत. म्हणजे घेणारा परका होता, पण देणारा हात कधी कधी आपलाही होता. हे वाक्य मला लिहायला आवडत नाही, पण ते गाळलं तर इतिहास अर्धा राहील.

अशाच एका लष्करी अधिकाऱ्याने काढून नेलेला तुकडा पुढे लंडनच्या लिलावातून फिरत अमेरिकेतल्या बोस्टन शहरात पोहोचला. तिथल्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये तो आजही आहे. गाइडचं म्हणणं खरं होतं.

गंमत अशी की या लुटीवर उपाय म्हणून जे केलं, त्याचाही मोठा भाग लंडनलाच गेला. जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाने लेण्यांची दुर्दशा मांडली, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल यांना चित्रांच्या प्रतिकृती काढायच्या कामावर नेमलं. गिल अजिंठा गावात राहिले, वर्षानुवर्षं मोठमोठे कॅनव्हास रंगवत राहिले. ती चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेतले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी १८७२ पासून पुन्हा तेच काम करत राहिले. त्यांच्या चित्रांपैकी अनेक १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत गेली. वाचलेली दीडशेहून अधिक आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. ही तीच संस्था, जिथून वाघनखं आली.

गिल यांची कबर आमच्या भुसावळला आहे. १८७९ मध्ये ते वारले आणि तिथल्या जुन्या ख्रिस्ती कब्रस्तानात दफन झाले. त्यांची सोबतीण पारो हिची कबर अजिंठा गावात आहे, १८५६ सालची. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या काव्यामुळे ती मराठी माणसाला ठाऊक झाली. मी सहलीनंतर एका रविवारी भुसावळला जाऊन आलो. ज्या माणसाचं आयुष्य या चित्रांत गेलं त्याची चित्रं लंडनमध्ये जळाली आणि तो स्वतः इथे राहिला. 'परत पाठवणं' हा शब्द त्याच्या बाबतीत कोणत्या दिशेने वापरायचा, हे मला तिथे उभं असताना ठरवता आलं नाही.

राखणारे कोण होते?

वाघनखं आली तेव्हा, म्हणजे जुलै २०२४ मध्ये, ओळखीतल्या एका गृहस्थांनी मला हसत विचारलं होतं, "काय सर, तुम्हाला आनंद झाला की नाही?" त्यातला 'तुम्हाला' मला नेमका ऐकू आला. या राज्यात माझ्यासारख्या नावाच्या माणसाला वारशाबद्दल बोलताना आधी हा 'तुम्हाला' ओलांडावा लागतो. मी त्यांना एवढंच म्हणालो की मला एका गोष्टीचं वाईट वाटलं. ती आली आहेत ती तीन वर्षांच्या उसनवारीवर.

अजिंठ्याच्या बाबतीत हा 'तुम्हाला' आणखी गमतीदार होतो. लेणी निझामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १९१४ मध्ये संस्थानाने पुरातत्त्व खातं काढलं आणि गुलाम यझदानी त्याचे पहिले संचालक झाले. बुद्धाच्या जातककथांनी भरलेल्या या भिंतींसाठी त्यांनी उभं आयुष्य दिलं. त्यांचे 'अजंता'चे चार भाग १९३० ते १९५५ या काळात निघाले. आजही अजिंठ्यावर कुणी गंभीरपणे लिहायला बसलं की यझदानींकडे जावं लागतं.

त्याआधी १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने प्रतिकृतींचं काम केलं. तिच्या मदतीला बंगालमधून नंदलाल बोस, असितकुमार हालदार आले होते, आणि हैदराबादेतून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचे क्युरेटर झाले आणि तिथलेच होऊन राहिले. १९२० च्या सुमारास निझाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावून गळणारा गिलावा भिंतीला पक्का करून घेतला. त्यांनी लावलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं पडलं, ते काढण्याचं काम नंतर भारतीय पुरातत्त्व खात्याला करावं लागलं. चूक झाली, पण गिलावा पडायचा थांबला.

मी हे अभिमानाने सांगतो, फुशारकीने नाही. वारसा जपण्यासाठी त्याच धर्मात जन्मावं लागत नाही, एवढंच मला मुलांना दाखवायचं असतं. ज्याने राखलं, त्यालाही बोलायचा हक्क मिळतो. आणि मग पुढचा प्रश्न येतो. राखणं म्हणजे मालक होणं का?

अमानत, अनामत

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे शब्दांच्या सोयरिकी शोधायची मला खोड आहे. आपण बँकेत, निवडणुकीत, भाड्याच्या घरात 'अनामत रक्कम' म्हणतो, तो शब्द अरबीतल्या 'अमानत'चाच. मराठीच्या तोंडात बसताना त्याची अक्षरं इकडची तिकडे झाली. अमानत म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ती सांभाळणं हे पुण्य, पण तिचा खरा नियम एकच आहे: मागितली की धन्याला परत करायची. परत न करणं म्हणजे खयानत. कितीही चांगली सांभाळली तरी खयानतच.

जगातली मोठी संग्रहालयं नेमकी इथे अडतात. "आम्ही सांभाळली म्हणून टिकली" हा त्यांचा पहिला मुद्दा असतो. क्रिस्टल पॅलेसची आग आठवली की तो तितकासा पक्का वाटत नाही. दुसरा मुद्दा कायद्याचा. ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला १९८३ च्या कायद्याने आपल्या संग्रहातली वस्तू कायमची देऊन टाकायला बंदी आहे. म्हणून वाघनखं 'परत' आली नाहीत, उसनी आली. शिवाय ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी हाच मुद्दा उघडपणे मांडला, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. पण धन्याची खूण पटवणं हा अमानतीचाच भाग आहे. खूण न पटवता केलेला जल्लोष हा वस्तूचाही अपमान असतो.

तिसरी अडचण तारखेची. चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंबद्दलचा युनेस्कोचा करार १९७० चा, भारताने तो १९७७ मध्ये मान्य केला. त्याआधी गेलेल्या गोष्टी त्याच्या कक्षेत येत नाहीत. गेल्या दहा वर्षांत अमेरिकेतून शेकडो मूर्ती परत आल्या, एकट्या सप्टेंबर २०२४ मध्ये २९७ वस्तू सोपवल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक अलीकडच्या चोरीच्या होत्या. तस्कर पकडला गेला, कागद सापडले, वस्तू आल्या. बोस्टनच्या तुकड्याच्या बाबतीत असा कुणी तस्कर नाही. आहे तो कंपनी सरकारच्या काळातला एक लष्करी अधिकारी, आणि त्याला जाब विचारणारं न्यायालय नाही.

मग दार बंदच आहे का? तसंही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या संग्रहालयांनी सात वस्तू भारताला परत करण्याचा करार केला. त्यांवर लंडनच्या संग्रहालयांसारखं कायद्याचं कुलूप नव्हतं, आणि त्यांनी ठरवलं. त्या सातांत हैदराबादच्या निझामाच्या संग्रहातली एक तलवार होती. १९०५ मध्ये ती चोरीतून सर आर्चिबाल्ड हंटर या इंग्रज सेनापतीकडे गेली, असं संग्रहालयाने मान्य केलं. बाकीच्या सहा वस्तू उत्तर भारतातल्या देवळांतून उचललेल्या होत्या. कुणी खटला भरला नव्हता. "हे आमचं नाही" असं त्यांना वाटलं, एवढंच कारण.

परत कुणाकडे?

इथवर वाचून झाल्यावर मला वाटलं, आता मुलीला उत्तर देता येईल. पण त्याच सुमारास नागालँडबद्दल वाचलं आणि सगळी मांडणी हलली.

ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममध्ये नागा जमातींच्या हजारो वस्तू आहेत. त्यांत माणसांचे अवशेषही आहेत, कवट्या, हाडं, केस. बराचसा संग्रह हटन आणि मिल्स या ब्रिटिश प्रशासकांनी नागा टेकड्यांत नोकरी करताना जमवला. २०२० मध्ये संग्रहालयाने मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून ठेवले. तेव्हापासून 'फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन' ही संस्था आणि डॉली किकॉन यांच्यासारखे नागा अभ्यासक एका कामाला लागले. ते गावोगाव गेले. म्हाताऱ्यांना, चर्चच्या लोकांना, तरुणांना भेटून विचारलं: तुमचे पूर्वज तिथे कपाटात आहेत, आपण काय करावं? शाळेतल्या मुलांनाही कळावं म्हणून त्यांनी चित्रकथा काढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या एका लिलावगृहाने शिंगं जोडलेली एक नागा कवटी विक्रीला काढली, तेव्हा मुख्यमंत्री नेफियू रिओ यांनी केंद्र सरकारला पत्र लिहिलं आणि ती विक्री मागे घ्यावी लागली. जून २०२५ मध्ये नागा ज्येष्ठांचं शिष्टमंडळ ऑक्सफर्डला जाऊन त्या अवशेषांसमोर उभं राहिलं.

त्यांच्या चर्चेतला एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आजचे बहुतेक नागा ख्रिस्ती आहेत. पूर्वज ख्रिस्ती नव्हते. मग ते परत आले की त्यांना कोणत्या विधीने निरोप द्यायचा? आणि ज्या कवटीवर गावाचं नावही लिहिलेलं नाही, ती कोणत्या गावात न्यायची? हे प्रश्न दिल्लीत बसून सुटत नाहीत. ते त्या लोकांनीच सोडवायचे आहेत, आणि ते घाईत नाहीत.

अमेरिकेत १९९० पासून कायदाच आहे. मूळनिवासी जमातींचे अवशेष आणि पवित्र वस्तू ज्या संग्रहालयांकडे आहेत, त्यांनी त्या जमातींनाच विचारून परत करायच्या. जानेवारी २०२४ पासून नियम आणखी कडक झाले. जमातीची संमती असल्याशिवाय अशा वस्तू मांडायच्याही नाहीत. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने त्यावर दोन दालनं बंद केली.

आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. त्यात वस्तूला शंभर वर्षं झालेली असावी लागतात, हस्तलिखिताला पंचाहत्तर. परत येणारी वस्तू भारत सरकारकडे येते. अशा अनेक मूर्ती दिल्लीच्या पुराना किल्ल्यात ठेवल्या आहेत, २०१९ मध्ये त्यांच्यासाठी तिथे दालनही उघडलं. काही वस्तू मूळ गावी, मूळ देवळात गेल्या, हेही खरं. पण आदिवासीची वस्तू? ती लाकडाची, बांबूची, कातड्याची असते. ती शंभर वर्षं टिकत नाही, टिकली तर तिला कुणी 'कला' म्हणत नाही. ती ज्या समाजाची आहे त्याचा त्या कायद्यात उल्लेखही नाही. खानदेशात भिल्ल, पावरा, कोकणा, तडवी यांच्या घरांतून काय काय गेलं, दुष्काळात किती चांदी सराफाच्या भट्टीत वितळली, याची यादी करायचं कुणाच्या मनात आलं नाही.

'तडवी' हा शब्द लिहिला आणि मी थांबलो. मला माळा आठवला.

माळ्यावरचा कामठा

बी.एड. झाल्यावर माझी पहिली नोकरी यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी होती. वर्गात बरीच मुलं तडवी भिल्लांची. बाहेरच्यांना हा समाज पटकन समजत नाही. हे आदिवासी आहेत, अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांचं नाव आहे, आणि ते मुसलमान आहेत. नमाज आहे, ईद आहे, आणि जंगलाशी, शेताशी जोडलेल्या जुन्या भिल्ल रीतीही आहेत. शहरातला मुसलमान त्यांना अर्धवट समजतो आणि बाकीचे त्यांना आदिवासी मानायला तयार नसतात. त्यांना दोन्हीकडून प्रश्नच विचारले जातात.

तिथे २००८ मध्ये आम्ही शाळेत 'आपला खानदेश' असं प्रदर्शन भरवलं होतं. मुलांना सांगितलं, घरातल्या जुन्या वस्तू आणा. कुणी जातं आणलं, कुणी पितळी तांब्या. आठवीतल्या एका तडवी मुलाने आजोबांचा कामठा आणला, सोबत तीन तीर. बांबूचा कामठा, दोरीही बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची. धरायच्या जागी हाताने घासून घासून काळसर चकाकी आलेली. आजोबा स्वतः शाळेत आले होते. म्हणाले, "मास्तर, जपून." मी पुठ्ठ्याच्या कार्डावर सुंदर अक्षरात लिहिलं: 'भिल्लांचे धनुष्य. यावल तालुका.'

प्रदर्शन झालं. तपासणीला येणाऱ्या साहेबांना दाखवता येईल म्हणून मी तो कामठा ठेवून घेतला. मग पुढच्या वर्षीही लागेल म्हणून. मग माझी बदली झाली आणि माझ्या तक्त्यांच्या, शैक्षणिक साहित्याच्या सामानात तोही जळगावला आला. नंतर घर बदललं, तो माळ्यावर गेला. सतरा वर्षं. मी तो चोरला नाही. मी तो सांभाळला. अगदी संग्रहालयं म्हणतात तसंच.

एप्रिलमध्ये मी माळा उघडला. तीर दोनच सापडले. दोरी वाळून तुटली होती. कार्ड मात्र जसंच्या तसं, माझ्या सुंदर अक्षरासकट. ऑक्सफर्डच्या कपाटातल्या नाव नसलेल्या कवटीबद्दल मला वाईट वाटलं होतं. आणि माझ्या कार्डावर त्या म्हाताऱ्याचं नाव नव्हतं. जो माणूस माझ्यासमोर उभा राहून बोलला होता, त्याचं नाव लिहायला मला एक ओळ लागली असती.

जुन्या विद्यार्थ्यांना फोन करत करत त्या मुलाचा पत्ता लागला. आता तिशीचा झाला आहे, केळीच्या गाड्यांवर काम करतो. आजोबा जाऊन दहा वर्षं झाली होती. आजी होती. मे महिन्याच्या सुट्टीत मी कामठा फडक्यात गुंडाळून एसटीने निघालो. गाडीत लोक बघत होते. मला वाटत होतं, प्रत्येकाला माहीत आहे.

आजी ओट्यावर बसली होती. मी सांगायला लागलो, पण तिने हात पुढे केला तेव्हा गप्प बसलो. तिने कामठा घेतला आणि बोटं थेट त्या काळसर जागेवर नेली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोरी गेली."

"माझी चूक झाली, आजी."

"तीन तीर होते."

"एक हरवला."

नातवाला अवघडल्यासारखं झालं. तो म्हणाला, "असू द्या सर, आम्ही तर विसरलो होतो." आजी म्हणाली, "मी नव्हते विसरले." मरायच्या आधी त्यांनी दोनदा विचारलं होतं, मास्तर कामठा देऊन गेला का म्हणून. हे तिने चिडून सांगितलं नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिने कार्डाकडे बोट दाखवून विचारलं, यात काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांचं नाव?" मी खिशातला पेन काढला आणि तिथेच ओट्यावर बसून त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, ती सांगेल तसं. ते नाव इथे लिहीत नाही. ते त्यांच्या घरचं आहे. नातू म्हणाला, वरच्या पाड्यात एक माणूस अजून बांबूची दोरी काढतो, त्याच्याकडून नवी करून घेऊ. कामठा दारावरच्या खुंटीला अडकवला. मी चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

मुलीचं उत्तर

जूनमध्ये शाळा सुरू झाली. ती मुलगी आता दहावीत आहे. मी तिला सगळं सांगितलं. करार कधीचा, कायदा काय अडवतो, ग्लासगोने काय केलं, नागा लोक काय करत आहेत. माळ्याची गोष्टही सांगितली, वर्गासमोर. शिक्षकाची चूक ऐकताना मुलं फार शांत बसतात.

सांगितलं ते थोडक्यात असं. बोस्टनचा तुकडा मागता येईल, पण आज कायद्याच्या जोरावर तो मिळणार नाही. देणाऱ्याला "हे आपलं नाही" असं वाटावं लागेल, आणि मागणाऱ्याने नेमकं सांगावं लागेल की तो कोणत्या भिंतीचा, परत आला तर कुठे राहील, कोण सांभाळेल. भिंतीवर तो पुन्हा चिकटवता येणार नाही. पण त्या दरीजवळ, ज्या गावांनी लेणी पाहत आयुष्य काढलं त्यांच्याजवळ तो असू शकतो. लंडनमधल्या प्रतिकृतींची चांगली छायाचित्रं इथे कायमची लागली, तरी आज भिंतीवरून गळून गेलेलं बरंच काही आपल्या मुलांना पाहता येईल. आणि हे सगळं मागताना आपण आपले माळे आधी उघडावेत. आपल्या शाळा-कॉलेजांच्या कपाटांत, मंडळांच्या पेट्यांत, अभ्यासकांच्या घरी 'परत देतो' म्हणून नेलेल्या किती पोथ्या, सनदा, दागिने, वाद्यं पडून आहेत? ज्यांच्या घरून आणली त्यांची नावं कुठे तरी लिहिली आहेत का?

वाचकांनाही माझी हीच विनंती आहे. तुमच्याकडे अशी कुणाची अमानत असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत ती शोधा. धनी हयात असताना न्या. मी दहा वर्षं उशिरा पोहोचलो.

दहावीच्या मराठीत औपचारिक पत्रलेखन असतं. यंदा सरावासाठी मी विषय दिला: बोस्टनच्या संग्रहालयाच्या संचालकांना पत्र. पहिल्या मसुद्यांत 'चोर' हा शब्द फार होता, तो आम्ही चर्चा करून काढला. त्या मुलीने आपल्या पत्रात तुकडा मागण्याआधी एक गोष्ट विचारली आहे. आपल्या कार्डावर काय लिहिलं आहे, ते कृपया आम्हाला कळवावं. चांगली इंग्रजी करून ते पत्र पुढच्या महिन्यात टपालात टाकणार आहोत.